गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर: कोणता त्रास कधी येतो आणि त्याचं काय करायचं

ऑपरेशन यशस्वी झालं असं सर्जन सांगतात, तेव्हा त्यांच्या लेखी गाठ पूर्ण निघालेली असते आणि आतड्याचा जोड नीट बसलेला असतो. पेशंट आणि घरचे त्याचा अर्थ ‘सुटलो’ असा घेतात. मग घरी आल्यावर पोट फुगतं, लघवी अडते, मल गोळा करायला पोटावर लावलेली पिशवी गळते, किंवा काही महिन्यांनी दिवसातून बारा-पंधरा वेळा संडासला पळावं लागतं, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायला लागतं. बहुतेक वेळा तसं नसतं. या ऑपरेशननंतरच्या अडचणी ओळखीच्या आहेत, साधारण ठरलेल्या काळात येतात, आणि वेळेत सांगितल्या तर बऱ्याचशा आटोक्यात राहतात. घोडं अडतं ते सांगण्यापाशी. आपल्याकडे पोटाखालच्या गोष्टी बोलायची सवय नाही, आणि कॅन्सरमधून वाचल्यावर ‘एवढंसं’ दुखणं काढायची लाज वाटते.

मी पेशंट आहे, डॉक्टर नाही. जोड, तात्पुरती पिशवी, पिशवी बंद झाल्यानंतरचे दिवस, हे सगळं अंगावरून गेलेलं आहे. इथल्या आकड्यांपेक्षा तुमच्या सर्जननी वेगळा आकडा दिला असेल तर त्यांचाच धरा.

१. ऑपरेशन कोणतं झालं ते लिहून घ्या

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटीमीटरचा भाग. गाठ गुदद्वारापासून पुरेशी वर असेल तर तेवढा भाग काढून वरचं आतडं खाली जोडतात. याला लो अँटिरिअर रिसेक्शन म्हणतात. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत पोचली असेल तर गुदद्वारासकट सगळं काढून मोठ्या आतड्याचं टोक पोटावर काढतात, म्हणजे कायमची कोलोस्टोमी करतात; ते एपीआर (अ‍ॅब्डोमिनोपेरिनिअल रिसेक्शन). जोड फार खाली असला की तिथून मल जाऊ नये म्हणून छोट्या आतड्याचा भाग पोटावर काढून तात्पुरती इलिओस्टोमी करून ठेवतात. दोन्हींत पोटावर आलेल्या आतड्याच्या तोंडाला स्टोमा म्हणतात आणि त्यावर पिशवी लावतात.

घरी निघण्याआधी चार गोष्टी विचारा आणि डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहा. कोणतं ऑपरेशन झालं? जोड असेल तर तो गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर आहे? पिशवी छोट्या आतड्याची की मोठ्या? रात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा? तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण इलिओस्टोमी आणि कोलोस्टोमी यांचे सल्ले काही बाबतींत एकमेकांच्या उलट असतात. कोलोस्टोमीवाल्याला बद्धकोष्ठ होऊ शकतं, इलिओस्टोमीवाल्याला जुलाब करवणारं (रेचक) औषध चुकूनही द्यायचं नसतं. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा सल्ला घेताना हे आधी तपासा.

२. एक वही ठेवा

रोज सकाळ-संध्याकाळ ताप आणि नाडी. पिशवी असेल तर चोवीस तासांत बाहेर आलेलं प्रमाण मिलिलिटरमध्ये. लघवी किती वेळा आणि रंग कसा. दोन-तीन दिवसांनी वजन. दुखत असेल तर कुठे आणि कधी.

ही शिस्त कशासाठी, ते फोन करायची वेळ आली की कळतं. ‘कालपासून जरा बरं नाही वाटत’ असं सांगितलं तर पलीकडून ‘आराम करा, उद्या बघू’ असं उत्तर येण्याची शक्यता दांडगी. तेच ‘सकाळपासून ताप १००.८, नाडी ११२, कालपासून पिशवीत १९०० मिली, लघवी दोनदाच आणि गडद’ असं सांगितलं की पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ होतो. पेशंट थकलेला असतो, म्हणून वही घरच्या एकाच व्यक्तीकडे द्यावी. तिघांनी मिळून ठेवलेली वही कोणीच ठेवत नाही.

३. पहिले दोन-तीन आठवडे: जोड गळतोय का, यावर डोळा

सर्जन ज्याला सगळ्यात जास्त घाबरतात ती गुंतागुंत म्हणजे जोड गळणं. आतड्याची दोन टोकं जिथे शिवली किंवा स्टेपल केली, तिथे फट पडून आतला मल ओटीपोटात झिरपतो. साधारण ५ ते १५ टक्के पेशंटमध्ये हे होतं. जोड जितका खाली तितकी शक्यता जास्त. आधी रेडिएशन झालेलं असणं, तंबाखू, कुपोषण, मधुमेह यांनीही ती वाढते. तात्पुरत्या पिशवीमुळे गळती शंभर टक्के टळत नाही, पण झालीच तर तिचा जोर कमी राहतो.

बहुतेक गळती पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास कळते, म्हणजे नेमकी घरी सोडण्याच्या सुमारास. काही वेळा ती कित्येक आठवड्यांनी उघडी पडते. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर जाणं, थंडी वाजून अंग कापणं, ओटीपोटात किंवा कंबरेच्या मागे माकडहाडाशी वाढत जाणारं दुखणं, गुदद्वारातून पू किंवा दुर्गंधी स्राव, ही उघड लक्षणं. फसवी लक्षणं वेगळी आहेत. ताप नसताना नाडी सतत शंभराच्या वर राहते. तीन दिवस खाणारा माणूस अचानक ताट बाजूला सारतो. पोट पुन्हा फुगतं. घरचे म्हणतात, ‘आज चेहरा उतरलाय.’ या वाक्याला मी फार मानते. रोज बघणाऱ्याला जो फरक दिसतो तो रिपोर्टमध्ये येण्याआधी दिसतो.

अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवून सकाळची वाट बघू नका. फोन करून रुग्णालयात जा. तिथे रक्ताच्या तपासण्या आणि सीटी स्कॅन करतात. लहान गळती अँटिबायोटिक्सवर आणि बाहेरून नळी घालून पू काढून भागते. मोठी असेल तर पुन्हा ऑपरेशन करून पिशवी करावी लागते. या दोन्हींत फरक पडतो तो पुष्कळदा किती तास वाया गेले यावर.

एक खुलासा. पिशवी असतानाही गुदद्वारातून शेंबडासारखा चिकट पदार्थ येतो, कधी संडासची कळही येते. खालचं आतडं स्वतःचा बुळबुळीत स्राव बनवत राहतं, तोच हा. कमोडवर शांत बसून तो जाऊ द्यावा. त्यात पू, ताजं रक्त किंवा घाण वास असेल तरच काळजी. आत बोट, एनिमा किंवा सपोझिटरी असलं काहीही सर्जनला विचारल्याशिवाय घालायचं नाही, कारण जोड तिथेच आहे.

४. याच काळातल्या बाकीच्या गोष्टी

आतडं सुस्तावणं: ऑपरेशननंतर काही दिवस आतडी हलायचं विसरतात. पोट ढोलासारखं, उचक्या, हिरवट उलटी. रुग्णालयात असताना नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात आणि वाट बघतात. चालणं हा त्यावरचा खरा उपाय. वॉर्डातून दिवसातून चार-पाच फेऱ्या, भले पाच मिनिटांच्या. घरी आल्यावर असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, वाटेत कुठे आतडं अडकलंय का ते पाहावं लागतं.

रक्ताची गुठळी: कॅन्सर आणि ओटीपोटाचं ऑपरेशन दोन्ही एकत्र आले की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून पुष्कळांना घरी गेल्यावरही, ऑपरेशनपासून एकूण २८ दिवसांपर्यंत, पोटाच्या कातडीखाली रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन घ्यायला सांगतात. बरं वाटतंय म्हणून ते मध्येच सोडणारे खूप. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली तर थेट इमर्जन्सीत.

लघवी: गुदाशयाच्या अगदी बाजूने मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा असतात. ऑपरेशनमध्ये त्या ताणल्या गेल्या तर कॅथेटर काढल्यावर लघवीच होत नाही, किंवा थेंबथेंब होते आणि मूत्राशय भरलेलंच राहतं. सहा तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट ताठ होऊन दुखायला लागलं तर थांबायचं नाही. पुन्हा कॅथेटर घालतात, काहींना स्वतः बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं. कॅथेटर लावून घरी आलात तर ती कधी काढायची ती तारीख मागून घ्या.

टाके: लाली पसरत जाणं, गरम लागणं, पू. फोटो काढून पाठवता येतो, त्याची लाज नको.

५. इलिओस्टोमी असेल तर पाण्याचा हिशेब

तात्पुरती इलिओस्टोमी घेऊन घरी गेलेला पेशंट पुन्हा भरती होतो, त्याचं एक फार मोठं कारण म्हणजे शरीर कोरडं पडणं. मोठ्या आतड्याचं काम पाणी आणि मीठ शोषून घेण्याचं. ते वाटेतून वगळलं की सगळं पातळ स्वरूपात पिशवीत येतं. पहिल्या काही आठवड्यांत छोटं आतडं हळूहळू ते काम थोडंफार शिकतं आणि बाहेर येणारा माल खिरीइतका दाट होतो.

मोजायचं कसं? खुणा असलेला एक मग फक्त यासाठी ठेवा. पिशवी रिकामी करताना त्यात करा, आकडा वहीत लिहा. स्थिरावल्यावर चोवीस तासांत ५०० ते १००० मिली ठीक. १५०० च्या वर गेलं तर त्या दिवशी फोन. २००० च्या वर, किंवा त्यासोबत चक्कर, पायात गोळे, लघवी कमी आणि गडद असेल तर रुग्णालय. असं चालू राहिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि मॅग्नेशियमही घसरतं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. खूप पाणी जातंय म्हणून पेशंट भराभर साधं पाणी पितो, आणि जेवढं पितो त्याहून जास्त बाहेर येतं. साध्या पाण्यात मीठ नसतं. आतड्याचा वरचा भाग शरीरातलं मीठ त्या पाण्यात सोडतो आणि दोन्ही मिळून पिशवीत उतरतात. तहान भागत नाही, म्हणून आणखी पाणी. हे चक्र तोडायचं तर साधं पाणी आणि गोड पेयं कमी करून मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात असलेलं द्रावण घोट घोट प्यायचं. साधं ओआरएस चालतं. प्रमाण फार वाढलं तर लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या नावाने ओळखलं जाणारं जरा जास्त खारट द्रावण देतात: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज पावडर, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. चव खराबच आहे, खोटं कशाला सांगा. थंड करून प्यायलं तर उतरतं. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा ब्लडप्रेशरचा आजार असेल तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि ब्लडप्रेशरच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस या काळात बदलायचा का, हेही विचारा. शरीर कोरडं पडलेलं असताना त्याच गोळ्या अंगावर येतात.

लोपेरामाइडची गोळी आतड्याचा वेग कमी करते. ती जेवणाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, जेवणानंतर नव्हे. डोस डॉक्टर ठरवतील. पोट फुगलंय, उलटी होतेय किंवा ताप आहे अशा वेळी ती आपल्या मनाने घ्यायची नाही.

आणि याच्या उलट प्रकार: पिशवीत चार-सहा तास काहीच नाही, पोटात पिळवटून कळा, किंवा नुसतंच घाणेरड्या वासाचं पाणी. स्टोमापाशी अन्नाचा बोळा अडकलेला असू शकतो. सुकामेवा, खोबरं, मका, मशरूम, फळांच्या साली, असले चोथ्याचे पदार्थ पहिले सहा-आठ आठवडे टाळायचे आणि नंतरही चावून चावून खायचे ते यासाठी. अडकलंच तर घन आहार बंद करा, पिशवीचं भोक स्टोमाला आवळत असेल तर ती बदला, कोमट पाणी घोट घोट घ्या, गुडघे छातीशी घेऊन कुशीवर पडा, स्टोमाभोवती हलक्या हाताने चोळा. उलटी सुरू झाली किंवा दोन-तीन तासांत सुटलं नाही तर रुग्णालय. जुलाब करवणारं औषध अजिबात नाही.

काही गोळ्या अख्ख्याच्या अख्ख्या पिशवीत दिसतात. जास्त वेळ टिकणाऱ्या किंवा वर खास आवरण असलेल्या गोळ्यांचं असं होतं. दिसली तर डॉक्टरांना सांगा, ती बदलून मिळते.

६. पिशवीखालची कातडी

छोट्या आतड्यातून येणाऱ्या मालात अन्न पचवणारे रस असतात. ते कातडीलाही पचवायला बघतात. म्हणून इलिओस्टोमीची गळती एक रात्र जरी तशीच राहिली तरी सकाळी कातडी लाल, ओली, झोंबणारी झालेली असते. आणि ओल्या कातडीवर नवीन पिशवी चिकटत नाही, म्हणून ती पुन्हा गळते.

बदलायची वेळ सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्या-पिण्याआधी. तेव्हा स्टोमा शांत असतो. सगळं सामान आधी मांडून ठेवा. जुनी चकती (पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग) वरच्या बाजूने सोडवायला घ्या, चकती खेचण्याऐवजी बोटाने कातडी मागे दाबत जा. निघाली की ती लगेच कचऱ्यात टाकू नका, उलटी करून बघा. चिकट थर भोकाभोवती सगळीकडे सारखा फुगलेला असेल तर ठीक. एका बाजूला तो वितळून कडेपर्यंत वाट झालेली दिसली, तर गळती तिथूनच होते. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कुठल्या आकड्याच्या दिशेला आहे ते लिहून ठेवा. तीन-चार वेळा तीच दिशा आली तर तिथे कातडीत घडी किंवा खळगा आहे, आणि स्टोमा नर्स तिथे भरायला पेस्ट किंवा वेगळ्या आकाराची चकती देईल.

मग कोमट पाण्याने पुसायचं; सुगंधी साबण, तेल, क्रीम नाही, त्यावर काही चिकटत नाही. टिपून पूर्ण कोरडं करायचं. स्टोमा मोजायचा. पहिले सहा-आठ आठवडे तो आक्रसत जातो, म्हणून रुग्णालयात कापून दिलेलं माप महिनाभराने सैल होतं आणि उघड्या राहिलेल्या कातडीवर माल साचतो. भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं हवं. कातडी ओलावली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरवून जास्तीची झटकून टाका. चकती हातात धरून जरा गरम करा, लावा आणि मिनिट-दोन मिनिटं तळहाताने दाबून धरा. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. जड झाली की स्वतःच्या वजनाने निघते.

पुसताना थोडं रक्त लागणं चालतं, स्टोमाला भरपूर रक्तपुरवठा असतो. रंग लाल-गुलाबी आणि ओलसर हवा. जांभळा, काळपट पडला तर तातडीने दाखवा. बाजूने फुगवटा दिसायला लागला तर हर्निया असू शकतो. तो टाळायला पहिले सहा-आठ आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही, खोकताना पोटावर हात किंवा उशी धरायची.

७. एपीआर झालं असेल तर मागची जखम

गुदद्वाराच्या जागी घातलेले टाके पोटाच्या टाक्यांइतके समजूतदार नसतात. जागा खोल, दमट, आणि बसलं की ताण. त्यात आधी रेडिएशन झालं असेल तर भरून यायला कित्येक आठवडे, काही वेळा महिने लागतात. टाके थोडे उकलले तर घाबरू नका, आतून भरत यावी म्हणून कधी कधी मुद्दामच उघडी ठेवून ड्रेसिंग करतात. स्राव वाढला, हिरवट झाला, वास आला तर दाखवा.

बसण्यासाठी मऊ, सपाट उशी घ्या. मध्ये भोक असलेली गोल उशी सगळे आणून देतात. तिच्याने जखमेच्या दोन्ही बाजू ताणल्या जातात, ती नको. एका वेळी अर्धा तास, मग उठून चाला किंवा कुशीवर पडा. आणि गुदाशय नसतानाही संडासची कळ येते, ती खरी वाटते. नसा जुन्या सवयीने संदेश पाठवतात. भास म्हणून कोणी हसलं तरी तो ठाऊक असलेला प्रकार आहे, कमी होत जातो. फार त्रास झाला तर त्यावर गोळ्या आहेत.

८. पिशवी बंद झाल्यावर

तात्पुरती पिशवी साधारण ८ ते १२ आठवड्यांनी, केमो असेल तर बहुधा ती संपल्यावर बंद करतात, म्हणजे पोटावर काढलेलं आतडं परत आत जोडतात. त्याआधी जोड भरून आलाय का ते तपासतात. सगळे या दिवसाकडे डोळे लावून असतात, आणि इथेच खरा धक्का बसतो.

गुदाशय ही साठवणुकीची टाकी होती. ती गेली, तिच्या जागी जोडलेलं आतडं अरुंद आहे, ताणलं जात नाही, गॅस आहे की मल हे नीट ओळखत नाही, आणि गुदद्वाराचे स्नायू-नसाही दुखावलेल्या आहेत. परिणामी थोडं थोडं पण वारंवार होणं, एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा तीन-चारदा जावं लागणं, कळ आली की धरता न येणं, गॅसबरोबर थेंब सुटणं. याला लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम, थोडक्यात लार्स म्हणतात. गुदद्वार वाचवणारं ऑपरेशन झालेल्यांपैकी बहुतेकांना त्यातलं काही ना काही होतंच. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ साली पाच प्रश्नांची एक मोजपट्टी केली: ० ते ४२ गुण, २१ ते २९ म्हणजे सौम्य आणि ३० पासून पुढे तीव्र लार्स. सर्जनना ‘माझा लार्स स्कोअर काढा’ असं सांगा. ‘थोडे दिवस असं होणारच’ एवढ्यावर बोळवण होत असेल तर या आकड्याचा उपयोग होतो.

सुधारणा होते, पण महिन्यांच्या हिशेबात. पहिलं वर्ष-दीड वर्ष फरक पडत राहतो. तोवर उपाय या क्रमाने.

आधी मल बांधून घ्या. लोपेरामाइड ठरलेल्या वेळी, कळ आल्यावर नव्हे. त्याला जोडून इसबगोलसारखा विरघळणारा तंतू, पण थोड्या पाण्यात, अगदी कमी मात्रेपासून. एका वेळी एकच बदल करा आणि चार-पाच दिवस बघा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. चहा-कॉफी, दारू, तिखट, तळकट यांतलं काय बाधतं ते ज्याचं त्याला शोधावं लागतं. सगळंच सोडून वजन घटवू नका.

मग स्नायू. गॅस रोखताना आवळतो ते स्नायू वर ओढायचे, पाच सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या-नितंब आवळायचे नाहीत. हे केव्हा सुरू करायचं ते सर्जनना विचारा आणि जमलं तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. पुष्कळ जण उलटं, खाली जोर लावत असतात.

संडासात पायाखाली छोटा पाट घ्या, पुढे झुका, कुंथू नका, दहा मिनिटांत उठा. पुन्हा होणार असं वाटलं तर बसून राहण्यापेक्षा घरात चार फेऱ्या मारा आणि परत जा. कातडीसाठी कागद नको. पाण्याने धुऊन टिपायचं, मग झिंक ऑक्साइडचं क्रीम. सोललेल्या कातडीवर सुगंधी वाइप्स वापरणं म्हणजे आग लावून घेणं.

एवढ्यावर भागलं नाही तर पुढचे उपाय आहेत आणि ते मागायला हवेत, कारण आपणहून सगळीकडे सांगितले जात नाहीत. त्यातला एक म्हणजे गुदद्वारातून कोमट पाणी घालून आतडं एकदाच पूर्ण रिकामं करणं. नर्सकडून शिकून, जोड भरल्याची खात्री झाल्यावरच करायचं. जमलं की पुढचे बरेच तास, काहींना अख्खा दिवस, मोकळा मिळतो. कंबरेखालच्या नसांना हलकी विद्युत चेतना देणारं यंत्र बसवणं हा त्यापुढचा मार्ग. आणि वर्ष-दोन वर्षांनी सगळं करूनही जगणं संडासाभोवतीच फिरत असेल, तर काही जण विचारपूर्वक कायमची पिशवी करून घेतात. त्यात हार नाही. पिशवी सोबत घेऊन प्रवास करणारे, नोकरी करणारे पुष्कळ आहेत.

९. डॉक्टर विचारत नाहीत, तुम्ही विचारा

इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे गुदाशय त्याच्याभोवतीच्या चरबीच्या वेष्टनासकट अखंड काढतात, त्यामुळे कॅन्सर त्याच जागी परत येण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. लैंगिक क्रियेच्या नसा त्या वेष्टनाला लागूनच असतात. त्या दुखावल्या तर पुरुषांना ताठरता येत नाही किंवा वीर्य बाहेर येत नाही. स्त्रियांना कोरडेपणा, दुखणं, रेडिएशन झालं असेल तर योनी आखडणं. हे मनाचे खेळ नाहीत. पुरुषांसाठी गोळ्या आहेत, पण हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर त्या जीवघेण्या ठरू शकतात, म्हणून मित्राकडून आणून घ्यायच्या नाहीत. स्त्रियांसाठी लुब्रिकंट, योनीत लावायची औषधं, आणि रेडिएशननंतर वापरायचे डायलेटर (योनी आखडू नये म्हणून आत घालायच्या गुळगुळीत नळ्या). जितक्या लवकर विचाराल तितकं बरं. जोडीदाराला घेऊन जा. मूल हवं असेल तर हा विषय रेडिएशन आणि केमोच्या आधीच काढायला हवा.

१०. महिन्यांनंतर येणाऱ्या गोष्टी

मल पेन्सिलीसारखा बारीक, कुंथूनही पूर्ण होत नाही: जोड आक्रसला असेल, तो ताणून रुंद करता येतो. अचानक पोट फुगून उलट्या, गॅसही बंद: आत चिकटलेल्या पट्ट्यांमुळे आतडं अडकलं असेल, इमर्जन्सी. ऑपरेशनच्या रेषेवर फुगवटा: हर्निया. रेडिएशननंतर महिन्यांनी लाल रक्त पडणं बहुधा त्याचाच परिणाम असतो, पण ते बघून ठरवायचं काम डॉक्टरांचं.

पाठपुराव्यात रक्तातलं सीईए (कॅन्सर परतल्यास वाढू शकणारं एक प्रथिन) पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासतात, मधूनमधून सीटी, आणि साधारण वर्षभराने कोलोनोस्कोपी. लार्स असलेल्यांना कोलोनोस्कोपीपेक्षा तिच्या आदल्या दिवशीचं पोट साफ करण्याचं औषध जड जातं. पहिला घोट घेण्याआधीच झिंकचं क्रीम जाड लावून ठेवा, लोपेरामाइड किती दिवस आधी थांबवायचं ते विचारून घ्या, आणि तपासणीची वेळ सकाळची मागा, म्हणजे रुग्णालयात पोचेपर्यंतचा उपास लांबत नाही. रुग्णालय लांब असेल तर रस्त्यात कुठे थांबता येईल तेही आदल्या दिवशीच बघून ठेवा.